मनगटाचं हाड जुळत नाही तेव्हा: स्कॅफॉइडच्या ऑपरेशनची वाट

मोटारसायकल घसरते, कबड्डीच्या पकडीत तोल जातो, गुऱ्हाळातल्या चिकट फरशीवर पाय सटकतो. पडताना माणूस हात पुढं टेकतो आणि सगळा भार तळव्यावर येतो. मनगट सुजतं, कुणीतरी ‘मुरगळलंय’ म्हणतं, तेल-लेप होतो आणि पंधरा-वीस दिवसांत सूज उतरते. पोरगा पुन्हा तालमीत जातो, नाहीतर उद्यमबागेतल्या मशीनवर. सहा-आठ महिन्यांनी भरलेली घागर उचलताना, जोर काढताना, लेथचं हँडल फिरवताना अंगठ्याच्या बाजूनं कळ येऊ लागते. मग एक्स-रे निघतो आणि डॉक्टर सांगतात की आत हाड मोडलंय, ते जुळलेलंच नाही, ऑपरेशन करावं लागेल.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात फिजिओथेरपी करताना अशी मनगटं माझ्याकडं येत राहतात. बहुतेक जण ऑपरेशननंतर येतात. काही जण आधी येतात, मालिश करून भागेल का विचारायला. भागत नाही. पण ऑपरेशन म्हटल्यावर लोक पहिला प्रश्न खर्चाचा विचारतात आणि दुसरा ‘चांगला डॉक्टर कोण’ हा. या दोन्हींच्या आधी चार गोष्टी विचारायला हव्यात, कारण कोणतं ऑपरेशन होणार हे त्या चार उत्तरांवर ठरतं. त्या पुढं येतीलच, आधी हाड ओळखून घेऊ.

कुठलं हाड, आणि तेच का अडतं

मनगटात आठ लहान हाडं असतात, दोन रांगांत. अंगठ्याच्या बाजूचं स्कॅफॉइड हे त्यातलं सर्वांत जास्त मोडणारं. आकार खानापूर-चंदगडकडच्या काजूगरासारखा, आणि मोठंही साधारण तेवढंच. अंगठा वर ताणून धरला की मनगटाच्या कडेला दोन दोऱ्यांमध्ये एक खळगी पडते. पूर्वीची म्हातारी माणसं तिथं तपकिरीची चिमूट ठेवून ओढायची. त्या खळगीत बोटानं दाबल्यावर कळ येत असेल तर स्कॅफॉइडवर संशय घ्यायचा, एक्स-रे कितीही स्वच्छ दिसो. पहिल्या दिवसाच्या एक्स-रेत ही मोड बऱ्याचदा दिसतच नाही. म्हणून संशय असेल तर हात पट्टीत ठेवून दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढतात, किंवा थेट एमआरआय करतात. आपल्याकडं घोटाळा बहुधा इथंच होतो. पहिला एक्स-रे ‘नॉर्मल’ आला की दुसरा काढायला कुणी जात नाही.

हे हाड जुळायला नाठाळ आहे ते रक्तपुरवठ्यामुळं. त्याचा बहुतेक पृष्ठभाग सांध्याच्या गुळगुळीत कुर्चेनं मढलेला असतो, त्यामुळं रक्तवाहिन्यांना आत शिरायला जागाच थोडी. मुख्य रक्तवाहिनी बोटांकडच्या टोकाजवळून शिरते आणि उलट, कोपराच्या दिशेनं जाते. मध्ये मोड झाली की कोपराकडच्या तुकड्याचं रक्त तुटतं. मोड कोपराच्या जितकी जवळ, तितका तो तुकडा उपाशी राहण्याचा धोका जास्त. याच कारणानं बोटांकडच्या टोकाची मोड सहा-आठ आठवड्यांत जुळते, कमरेतली म्हणजे मधली मोड आठ ते बारा आठवडे घेते, आणि कोपराकडच्या टोकाची मोड कधीकधी पाच-सहा महिनेसुद्धा.

वेळेत नीट प्लास्टर झालं आणि तुकडे जागेवर असले तर दहातली नऊ हाडं जुळतात. जी जुळत नाहीत त्यांची कारणं ठरलेली आहेत. निदान उशिरा झालं, प्लास्टर मुदतीआधी कापलं, तुकडे एक मिलिमीटरपेक्षा जास्त सरकले, मोड कोपराकडच्या टोकाला होती, किंवा माणूस बिडी-सिगारेट ओढणारा होता.

‘जुळलं नाही’ हे कुणी ठरवायचं

तीन-चार महिन्यांपर्यंत हाड जुळलं नसेल तर उशीर म्हणतात, आणि साधारण सहा महिन्यांनंतरही मोडीची फट तशीच दिसत असेल तर न जुळलेलं. मात्र नुसत्या एक्स-रेवर विसंबू नका. हे हाड तिरकं बसतं, त्यामुळं एकाच कोनातल्या फोटोत जुळल्यासारखं दिसणारं हाड सीटी स्कॅनमध्ये उघडं पडतं. सीटी मनगटाचा आहे एवढं पुरत नाही. स्कॅफॉइडच्या लांबीच्या रेषेत पातळ काप घेतलेला हवा. चिठ्ठीवर तसं लिहून द्या असं डॉक्टरांनाच सांगावं, म्हणजे सेंटरवर दुसऱ्यांदा पैसे भरावे लागत नाहीत. कोपराकडच्या तुकड्यात रक्त आहे का, हे पाहायला एमआरआय उपयोगी पडतो.

आता दुखण्याबद्दल. न जुळलेलं स्कॅफॉइड लबाड असतं. पहिल्या काही महिन्यांनंतर ते फारसं दुखत नाही. ‘जरा दुखूलंय सर, पण चालूलंय की,’ हे मी इतक्यांदा ऐकलंय की ते मला निदानाचाच भाग वाटतं. चालतंय खरं, पण आत काय होतं ते ऐका. दोन तुकडे एकमेकांवर हलत राहतात, हाड मधून वाकतं, शेजारची हाडं आपली जागा सोडतात आणि सांध्याची कुर्चा झिजायला लागते. आधी अंगठ्याच्या बाजूला, जिथं स्कॅफॉइड हाताच्या मोठ्या हाडाला म्हणजे रेडियसला टेकतं तिथं. मग मनगटाच्या मधोमध. पाच-दहा वर्षांत बहुतेकांच्या मनगटात ही झीज एक्स-रेत दिसते. तोवर बाविशीचा पोरगा तिशीत आलेला असतो आणि हाड जुळवायची वेळ बऱ्याचदा टळलेली असते.

हाडवैद्याबद्दलही इथंच बोलून टाकतो. त्यांच्याकडं जाऊ नका असं सांगणारे खूप आहेत आणि तरी लोक जातात, कारण ते जवळ असतात, स्वस्त असतात आणि आपल्या भाषेत बोलतात. माझं म्हणणं एवढंच की लांब हाडाची मोड बाहेरून हाताला लागते, स्कॅफॉइडची लागत नाही. चोळून सूज उतरते आणि तीच फसवते. कामट्यांची पट्टी इतकी आवळलेली असेल की बोटं निळी पडली, बधिर झाली, तर ती त्याच क्षणी सोडायची आणि दवाखाना गाठायचा. तिथं सकाळची वाट पाहायची नाही.

चार प्रश्न

सर्जनसमोर बसलात की हे चार विचारा आणि उत्तरं केसपेपरच्या मागं लिहून घ्या. कुणी चिडलं तर चिडू द्या.

मोड नेमकी कुठं आहे? कोपराकडचा तुकडा जिवंत आहे का? हाड वाकलंय का? सांधा झिजलाय का?

समजा मोड हाडाच्या मधल्या भागात आहे, तुकडे जागेवर आहेत, रक्त आहे, वाकणं नाही आणि फटीत फारशी पोकळी नाही. हे सर्वांत नशीबवान. यांना कधीकधी बारीक छेदातून नुसता स्क्रू घालूनही भागतं. हा स्क्रू बिनडोक्याचा असतो. पूर्ण हाडाच्या आत बुडतो, वर काही उरत नाही. दोन्ही टोकांचे आटे वेगवेगळ्या मापाचे असल्यामुळं तो पिळताना दोन तुकडे एकमेकांवर आवळले जातात. लेथवर काम करणाऱ्याला हे दोन वाक्यांत कळतं, बाकीच्यांना मी कागदावर काढून दाखवतो. ऑस्ट्रेलियाचे सर्जन टिमोथी हर्बर्ट यांनी अशा स्क्रूचे निष्कर्ष १९८४ साली प्रसिद्ध केले आणि आजही बरेच डॉक्टर त्याला हर्बर्ट स्क्रूच म्हणतात. तो सहसा कायम आत राहतो. त्रास झाला नाही तर काढायची गरज नसते.

बहुतेकांना मात्र स्क्रूबरोबर हाडाची भर घालावी लागते. महिनोन् महिने हलत राहिलेल्या फटीत दोरखंडासारखा तंतुमय मऊ भाग भरलेला असतो, आणि तुकड्यांची तोंडं मेलेली, टणक झालेली असतात. सर्जन ते सगळं खरवडून काढतात, ताजं हाड दिसेपर्यंत, आणि त्या पोकळीत तुमच्याच शरीरातलं हाड भरतात. थोडीच भर लागणार असेल तर ती मनगटाजवळच्या रेडियसमधून घेता येते, म्हणजे दुसरीकडं जखम होत नाही. जास्त लागली तर कमरेच्या हाडाच्या कडेतून. भर घालण्याची ही कल्पना जुनी आहे. स्वित्झर्लंडच्या माट्टी यांनी १९३७ मध्ये आणि व्हिएन्नाच्या रूस यांनी १९६० मध्ये ती मांडली, तेव्हा तर हा स्क्रूही नव्हता.

हाड वाकलेलं असेल तर नुसती पोकळी भरून चालत नाही. वाकलेल्या हाडावर कुबड येतं, मनगट मागं वळायला अडतं आणि तसंच जुळलं तर झीज पुढं चालूच राहते. अशा वेळी तळव्याच्या बाजूनं छेद घेऊन, हाड उघडून सरळ करतात आणि कमरेच्या हाडातून पाचरीसारखा तुकडा कापून फटीत बसवतात. सुताराकडं दाराची चौकट सरळ करताना पाहिलं असेल तर वेगळं समजवायला नको. वर स्क्रू, किंवा कधी तारा. तारा घातल्या असतील तर त्या काही आठवड्यांनी काढाव्या लागतात, हे आधीच विचारून ठेवा.

सर्वांत अवघड म्हणजे कोपराकडचा तुकडा मेलेला असणं. रक्त आहे की नाही याचं एमआरआयवरचं उत्तर हा अंदाज असतो. पक्कं उत्तर ऑपरेशनच्या टेबलावरच मिळतं, हाड खरवडल्यावर त्यातून रक्ताचे बारीक ठिपके उमटतात का ते पाहून. म्हणूनच काही सर्जन आधीच सांगून ठेवतात की आत काय दिसतं त्यावर बेत बदलू शकतो. हे ऐकून घाबरू नका, त्यात प्रामाणिकपणा आहे. अशा तुकड्यासाठी रक्तवाहिनीसकट हाडाचा तुकडा आणून बसवण्याची पद्धत आहे. मनगटाच्या पाठीमागून रेडियसचा छोटा तुकडा त्याच्या रक्तवाहिनीच्या देठासह फिरवून आणायचा, ही युक्ती झायडेम्बर्ग यांनी १९९१ साली मांडली. हाड वाकलेलंही असेल आणि मेलेलंही, तर गुडघ्याच्या आतल्या बाजूचा तुकडा घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्या जोडतात. हे काम हाताच्या शस्त्रक्रियेत मुरलेल्या माणसाचंच आहे. प्रत्येकाला असा रक्तवाहिनीसकट तुकडा लागतोच का, यावर सर्जन लोकांत एकमत नाही. साध्या भरीनंही काहींचं जुळतं. त्यामुळं दोन डॉक्टरांनी दोन मतं दिली तर त्यातला एक फसवतोय असं धरून चालू नका.

चौथा प्रश्न झिजेचा, आणि त्याचं उत्तर ‘हो, बरीच’ असं असेल तर आधीच्या तिन्ही प्रश्नांना अर्थ उरत नाही. झिजलेल्या सांध्यात हाड जुळवून दुखणं थांबत नाही. झीज फक्त रेडियसच्या टोकापाशी असेल तर ते टोक थोडं छाटून हाड जुळवता येतं. पुढं गेली असेल तर दोन मुख्य वाटा. एक, मनगटातली कोपराकडची रांगच काढून टाकणं. दुसरी, स्कॅफॉइड काढून उरलेल्यांतली चार हाडं एकमेकांना कायमची जोडणं. दोन्हींत दुखणं बऱ्यापैकी कमी होतं, मनगटाची हालचाल मात्र ढोबळमानानं निम्मी राहते. सगळंच झिजलं असेल तर पूर्ण मनगट जखडून टाकतात. मग वाकणं संपलं, पण पकड मजबूत राहते. भट्टीवर किंवा वीटकामावर राबणाऱ्या पन्नाशीच्या माणसाला कधीकधी हेच सर्वांत सोयीचं पडतं.

यशाचं काय, असं सगळे विचारतात. तुकडा जिवंत असेल तर भर आणि स्क्रूनं दहातली आठ-नऊ हाडं जुळतात. तुकडा मेलेला असेल, ऑपरेशन फार उशिरा होत असेल किंवा एकदा फसलेलं असेल तर आकडा खाली येतो. शंभर टक्के सांगणाऱ्यापासून चार हात लांब राहा.

तंबाखू

निपाणी परिसराला हे सांगणं म्हणजे आपल्याच घरावर दगड मारणं आहे. या भागाचं अर्थकारण विडीच्या तंबाखूवर उभं राहिलं, तंबाखूच्या दरासाठी १९८१ साली इथं केवढं आंदोलन झालं ते अजून लोकांच्या बोलण्यात येतं. तरी सांगतो. निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि या हाडाचं सगळं नशीब बारीक रक्तवाहिन्यांवर आहे. धूम्रपान करणाऱ्यांचं ऑपरेशन फसण्याचं प्रमाण जास्त, याचे पुरावे भक्कम आहेत. ‘मी ओढत नाही, नुसती चुन्याबरोबर चघळतो’ ही पळवाट नाही, कारण चघळलेल्या तंबाखूतलं निकोटिनही रक्तातच जातं. गुटख्याचंही तेच. आणि आमच्याकडच्या बायकांची मिश्री! ती कुणी मोजतच नाही. ‘तंबाखू खाता का’ विचारलं तर मावशी नाही म्हणतात, कारण दात घासणं हे त्यांच्या लेखी खाणं नव्हे. सर्जनना स्वतःहून सांगा.

ऑपरेशनच्या किमान चार आठवडे आधी बंद, आणि हाड जुळल्याचं सीटीवर दिसेपर्यंत बंद. काही सर्जन तोवर तारीखच देत नाहीत, आणि मला ते पटतं. एकट्यानं जमत नसेल तर तंबाखूच्या पाकिटांवर छापलेला १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांक आहे. निकोटिनची च्युइंग गम घेण्याआधी सर्जनना विचारा, कारण निकोटिन तिथंही आहेच. साखर असलेल्यांनी ती आटोक्यात आणूनच टेबलावर जावं.

कुठं जायचं, कोणतं कार्ड न्यायचं

बेळगावात सिव्हिल, म्हणजे बिम्सचं सरकारी रुग्णालय आहे, आणि नेहरूनगरला केएलईचं मोठं रुग्णालय. शिवाय अस्थिरोगाचे खासगी दवाखाने पुष्कळ. निपाणी-चिकोडीकडची माणसं सवयीनं कोल्हापूर किंवा मिरज गाठतात, खानापूरची बेळगावला येतात किंवा हुबळीला जातात. साधी भर आणि स्क्रू यासाठी जवळचा अनुभवी अस्थिरोगतज्ज्ञ पुरतो. तुकडा मेलेला असेल, किंवा आधीचं ऑपरेशन फसलं असेल, तर हाताच्या शस्त्रक्रियेचं खास प्रशिक्षण घेतलेला सर्जन शोधा, मग त्यासाठी शंभर किलोमीटर जावं लागलं तरी. ‘न जुळलेल्या स्कॅफॉइडची ऑपरेशनं तुम्ही करता का, वर्षाला साधारण किती?’ असं विचारणं उद्धटपणा नाही.

पैशाचा भाग. कर्नाटकात आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक ही योजना आहे. बीपीएल रेशनकार्डाच्या कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार, आणि एपीएल कुटुंबाला पॅकेजच्या ३० टक्के, वर्षाला दीड लाखाच्या मर्यादेत. न जुळलेलं हाड ही तातडीची केस धरली जात नाही. त्यामुळं खासगी रुग्णालयात योजनेतून करायचं तर आधी सरकारी रुग्णालयाचं रेफरल पत्र लागतं. थेट दाखल होऊन मग कार्ड पुढं केलं की अडचण होते. आधार, रेशनकार्ड आणि जुने एक्स-रे घेऊन आधी सिव्हिल, मग पुढं, हा क्रम पाळा.

सीमाभागाची आपली वेगळी गुंतागुंत आहे. महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सीमेवरच्या ८६५ गावांना लागू करायचं ठरवलं, कर्नाटकानं त्याला आक्षेप घेतला. राजकारणात कोण बरोबर हा या लेखाचा विषय नाही. तुमचं गाव यादीत असेल आणि कोल्हापूर-सांगलीकडं करणार असाल तर त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, भेटा. आपलं कार्ड चालतं का, हे ऑपरेशन पॅकेजात बसतं का, स्क्रू त्यात धरलाय की बाहेरून आणायचा, हे दाखल होण्याआधी विचारा. खासगीत रोखीनं करणार असाल तरी स्क्रूचा खर्च वेगळा आहे का हा प्रश्न आहेच.

उद्यमबाग किंवा मच्छेकडच्या कारखान्यांतल्या कामगारांनी एक विसरू नये. दरमहा २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा, लागू होतं, आणि कामावर झालेल्या दुखापतीत काम बंद असेपर्यंत रोजच्या सरासरी पगाराच्या सुमारे ९० टक्के भत्ता मिळतो. त्यासाठी अपघाताची नोंद कारखान्याच्या वहीत झालेली असावी लागते. सुपरवायझर ‘घरी पडलो असं सांग’ म्हणाला तर ऐकू नका. मनगट मुरगळल्यासारखं वाटलं तरी त्याच दिवशी नोंद करा, कारण हे हाड मोडलंय हे कळायलाच महिने जातात.

तारीख निवडताना शेतीचा विचार करा, त्यात लाज नाही. रोपलावणीच्या किंवा ऊसतोडीच्या तोंडावर ऑपरेशन करून घेणारा माणूस प्लास्टर घेऊनच शेतात उतरतो, हे मी पाहिलंय. पण ‘ही सुगी होऊ दे’ असं म्हणत तीन सुगी घालवू नका.

ऑपरेशनचा दिवस

हात काखेतून किंवा गळ्याजवळून इंजेक्शन देऊन बधिर करतात. कमरेचं हाड घेणार असतील तर पाठीतून किंवा पूर्ण भूल लागते. जेवण सहा तास आधी बंद, साधं पाणी कधीपर्यंत ते भूलतज्ज्ञ सांगतील. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आठवडाभर आधीच सांगा. अंगठी, कडं, नखपॉलिश घरीच काढून या. सुजलेल्या बोटावरची अंगठी नंतर कापावी लागते.

संमतीपत्र कन्नड किंवा इंग्रजीत असेल. न कळता सही करू नका. मराठीत समजावून द्या म्हणा, बेळगावात असं समजावणारं कुणीतरी प्रत्येक वॉर्डात सापडतं. जंतुसंसर्ग, हाड पुन्हा न जुळणं, मनगट आखडणं, अंगठ्याच्या मुळाशी बधिरपणा, कमरेची जागा काही आठवडे दुखणं आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूला बधिर पट्टा, एवढे धोके त्यात असायला हवेत. रात्रपाळीची सिस्टर कन्नडच बोलत असेल तर दोन शब्द पाठ असू द्या: दुखणं म्हणजे ‘नोवु’, बधिरपणा म्हणजे ‘जोमु’.

ऑपरेशन बहुधा तास-दोन तासांचं. रक्तवाहिनी जोडायची असेल तर बरंच लांबतं. दोन-तीन दिवसांत घरी सोडतात.

प्लास्टरमधले महिने

पहिला आठवडा हात छातीच्या वर. झोपताना दोन उशांवर. गळ्यात झोळी घालून हात पोटाशी लोंबकळत ठेवला तर बोटं सुजतात. प्लास्टरबाहेरची बोटं पहिल्या दिवसापासून हलवायची, पूर्ण मूठ, पूर्ण उघड, जागेपणी तासातासाला. खांदा आणि कोपरही. याकडं दुर्लक्ष केलेला माणूस तीन महिन्यांनी माझ्याकडं येतो तेव्हा हाड जुळलेलं असतं आणि बोटं लाकूड झालेली असतात, आणि मग ती मोकळी करायला हाडापेक्षा जास्त वेळ जातो.

टाके दहा ते चौदा दिवसांनी निघतात. प्लास्टर साधारण सहा ते बारा आठवडे, मेलेल्या तुकड्याच्या ऑपरेशननंतर आणखी. खानापूरच्या पावसात ते कोरडं ठेवणं हे एक कामच आहे. फायबरचं प्लास्टर भिजत नाही असं लोक समजतात. वरचं कवच टिकतं, पण आतला कापूस ओलाच राहतो आणि कातडी कुजते. अंघोळीला प्लास्टिकची पिशवी दुहेरी, तोंडाशी चिकटपट्टी. आत खाज सुटली की विणायची सुई घालायची नाही. गाडी चालवायची नाही, गल्लीतल्या गल्लीतही नाही. गणपतीत ढोल वाजवणार नाही हे घरच्यांनी आधीच वदवून घ्यावं.

बोटं पांढरी किंवा निळी पडली, मुंग्या येऊन बधिर झाली, गोळीनं न थांबणारी कळ वाढत चालली, बोट सरळ करताना असह्य दुखलं, किंवा प्लास्टरमधून घाण वास आणि अंगात ताप असं काही झालं तर त्याच तासाला दवाखान्यात जायचं. हात चकचकीत, लाल, नुसत्या वाऱ्यानंही दुखणारा झाला तरी लगेच कळवा. तो मज्जातंतूंचा वेगळा त्रास असतो आणि लवकर पकडला तरच सुधारतो.

प्लास्टर निघाल्यावर

प्लास्टर कापल्यावर हात बारीक, कोरडा आणि परका दिसतो. तीन महिने न वापरलेला हात असाच दिसतो. आधी कोमट पाण्यात हळूहळू वर-खाली, आजूबाजूला हालचाल. ओढून, दाबून, दुसऱ्याकडून वाकवून नाही. जोराची मालिश तर नाहीच. पीठ मळणं हा व्यायाम चांगला, पण मऊ कणकेचा आणि सर्जननी जोर लावायला परवानगी दिल्यावर.

ती परवानगी तारखेवर मागू नका, सीटीवर मागा. साधारण तीन महिन्यांच्या आसपास सीटी करून फटीतून हाडाचे पूल आरपार गेलेत का ते पाहतात. निम्म्याहून जास्त भाग जुळलेला दिसला तर बहुतेक सर्जन हालचाल वाढवू देतात. कुस्ती, कबड्डी, जड ओझं, भरतीच्या मैदानावरचे जोर-बैठका हे चार ते सहा महिन्यांच्या आधी नाही, आणि तेही सीटी बरा असेल तरच. पळणं त्याआधी चालतं, पडणं चालत नाही, हे सकाळी कॅम्पातल्या रस्त्यांवर पळणाऱ्या पोरांना मी वेगळं सांगतो.

हाड जुळलं तरी मनगटाची शेवटची थोडी वाकण बऱ्याच जणांची परत येत नाही. रोजच्या कामाला ती सहसा लागत नाही. सहा महिन्यांनीही सीटीत फट दिसत असेल तर तेच चार प्रश्न पुन्हा विचारायचे, यावेळी शक्यतो दुसऱ्या सर्जनला. त्यासाठी पहिल्या एक्स-रेपासूनच्या फिल्मा, सीटीची सीडी, डिस्चार्ज कार्ड आणि स्क्रूच्या मापाचं स्टिकर एकाच पिशवीत ठेवा. कोल्हापूरला निघताना ती पिशवी बरोबर घ्या.